शर्यतीच्या कबुतराला दाणे किती घालावेत

मूठभर म्हणजे नेमके किती ग्रॅम, हा प्रश्न हाडांच्या वॉर्डात त्याआधी कोणी विचारला नसावा. पण विचारणारे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि खाटेवर पायाला वजन टांगून पडलेले त्यांचे सासरे होते, त्यामुळे विषय टाळायची सोय नव्हती. टांगलेल्या त्या वजनावर पडताळणीचा शिक्का नाही, हेही निरीक्षकांच्या आल्याआल्या लक्षात आलं होतं. प्रसंग ओळखून ते गप्प बसले होते एवढंच.

"दोन पाखरांमागे एक मूठ," सासरे छताकडे बघत म्हणाले. "दिवसाची. शर्यतीच्या आधी तीन दिवस हात जरा सैल सोडायचा. शर्यत करून आली की दोन दिवस आखडता घ्यायचा. झालं."

"बाबा, सैल म्हणजे किती?"

"सैल म्हणजे सैल."

"टक्क्यांत सांगता येईल का?"

सासऱ्यांनी सावकाश मान वळवली. चौतीस वर्षं तुरुंगाधिकारी म्हणून काढलेला माणूस. त्या नजरेपुढे भलेभले दरोडेखोर आपणहून बराकीत जाऊन बसत.

"जावईबापू," ते म्हणाले, "पाखरांना जीव लावायचाय. शिक्का नाही मारायचा."

या सासऱ्यांनी आयुष्यभर माणसं आत ठेवली आणि निवृत्त झाल्यावर कबुतरं बाहेर सोडायला सुरुवात केली. आग्रह मात्र दोन्हीकडे एकच: संध्याकाळच्या हजेरीला सगळे परत हवेत. गच्चीवर स्वतःच्या हातांनी फळ्या ठोकून त्यांनी कबुतरांचं घर बांधलं होतं. त्यात बारा पाखरं होती आणि त्यांची नावं जुन्या नोकरीला शोभतील अशीच होती. कधी बाहेर पडायलाच मागत नाही तो 'जन्मठेप'. एकदा चार महिने गायब होता तो 'फरारी'. आणि सगळ्यांत लाडकी मादी 'पॅरोल', कारण सोडली की ठरल्या वेळेला परत. हंगामाच्या शेवटची लांब पल्ल्याची शर्यत पॅरोलने दोनदा मारली होती. आता तिचं वय झालं होतं, हा तिचा शेवटचा हंगाम. आणि ऐन हंगामात, तीन शर्यती बाकी असताना, सासरे गच्चीच्या शिडीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले.

"अहो, तुम्ही बघाल ना?" बायकोने विचारलं होतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली की वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'ना'चं उत्तर 'नाही' असं देता येत नाही. शिवाय सासरे त्याच इमारतीत दोन मजले वर राहत. परमेश्वर सगळ्यांच्याच डोक्यावर असतो, पण त्याच्या चपलांचा आवाज येत नाही.

तर प्रश्न मुठीचा होता. दुसऱ्या दिवशी निरीक्षक पिशवीत अर्धा किलो मका-गव्हाचं मिश्रण आणि कार्यालयातला छोटा तराजू घेऊन वॉर्डात हजर झाले. सासऱ्यांना त्यांनी तीन वेळा मूठ भरायला लावली. पहिली अठ्ठावन्न ग्रॅम भरली, दुसरी त्रेसष्ट. तिसरी भरतानाच परिचारिका आली.

"हे काय चाललंय? आजोबांना पथ्यावर ठेवलंय ना?"

"हे त्यांच्यासाठी नाही," निरीक्षक म्हणाले. "कबुतरांसाठी आहे."

"कबुतरं कुठायत?" असं म्हणून तिने खाटेखाली वाकून पाहिलं. त्या गडबडीत तिसरी मूठ पंचावन्नच भरली आणि उरलेले दाणे खाट क्रमांक आठच्या पेशंटच्या प्लॅस्टरमध्ये गेले. ते गृहस्थ पुढे तीन आठवडे खाजवत होते म्हणतात. निरीक्षकांनी मात्र जाता जाता सरासरी काढली होती. अठ्ठावन्न पूर्णांक सदुसष्ट शतांश. म्हणजे दर कबुतरामागे एकोणतीस पूर्णांक तेहतीस. त्यांच्या मनावरचं मोठंच ओझं उतरलं. खात्यात त्यांना पाठीमागे 'मिलीग्रॅम' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि त्याला ते पदवी समजत.

त्यांनी बारा वाट्या आणल्या, बारांत मोजून दाणे घातले आणि गच्चीवर ओळीने मांडल्या. कबुतरांना ही वाटणी कोणी समजावून सांगितली नव्हती. जन्मठेपेने उभ्या उभ्या साडेतीन वाट्या संपवल्या आणि चौथ्या वाटीत बसकण मारली. निरीक्षकांनी मग पुठ्ठ्याचे आडोसे लावले. बायको कपडे वाळत घालायला वर आली आणि बघतच राहिली.

"परीक्षेला बसवलंय का त्यांना?"

"एकमेकांचं बघून खातात," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले.

पण दाणे ही घरगुती बाब झाली. शर्यतीत उतरायचं तर कबूतर शर्यत संघाची परवानगी हवी होती. संघाचे चिटणीस एका वकिलाकडे कारकून होते. वकील वारले तरी त्यांची कारकुनी चालूच राहिली होती. मालक आजारी असेल तर 'हंगामी प्रतिपालक' नेमता येतो, त्याचा अर्ज आहे, असं ते म्हणाले. निरीक्षकांनी अर्जावर सासऱ्यांची सही आणली. चिटणिसांनी भिंगातून पाहिली.

"जुळत नाही."

"ते आडवे पडलेत. पडून सही केलीय."

"मूळ सही उभ्याची आहे."

"मग आता काय करायचं?"

"पेशंट आडव्या स्थितीत सही करतो, असा डॉक्टरांचा दाखला आणा."

सव्वीस वर्षं दुकानदारांचे अर्ज 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून पाठवणाऱ्या माणसाला अर्ज परत येणं ही गोष्ट नवी होती. लोक इतके अडवणूक करणारे असू शकतात यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी दाखला आणला. दाखल्यावर डॉक्टरांची सही वाचता येत नव्हती, पण त्याला चिटणिसांची हरकत नव्हती. डॉक्टरांची सही वाचता आली असती तरच संशय घेतला असता म्हणाले.

इतकं होईपर्यंत निरीक्षक कबुतरं पाळतात ही बातमी इमारतभर झाली होती. आपल्याकडे माणूस आजारी पडला की औषध आणि काही पाळायला लागला की खुराक, या दोन गोष्टी सांगायला शिक्षण लागत नाही. तळमजल्यावर व्यायामशाळा चालवणारा गृहस्थ पहिला वर आला. त्याने जन्मठेपेच्या छातीला हात लावला आणि हळहळला.

"मसल नाही, साहेब. वाटाणे वाढवा. सगळा खेळ प्रोटीनचा आहे."

"त्यांचं ठरलंय. एकोणतीस पूर्णांक..."

"मी कमी करा म्हणतच नाही. वर चार वाटाणे द्या."

समोरच्या औषधाच्या दुकानदाराने सूर्यफुलाच्या बिया सांगितल्या. स्निग्धांश, सांध्यांना चांगला. त्याच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते, पण तो भाग वेगळा. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी जिन्यातच थांबवून सांगितलं की मुक्या प्राण्याला पोटभर न घालता मोजून घालणं हा त्यांच्या दृष्टीने गुन्हा आहे. निरीक्षक बाणेदार होते, पण शेजारी राहायचं होतं. सांगितलेलं ऐकलं नाही तर माणूस दुखावतो आणि दुखावलेला माणूस पाण्याच्या टाकीची चावी आपल्याकडे ठेवतो. त्यांनी तिघांचंही थोडं थोडं ऐकलं. एकोणतीस पूर्णांक तेहतीसचे पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सेहेचाळीस झाले होते. हात सैल सोडायला सांगितलंच होतं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

शर्यत तशी साधी असते. कबुतरांना टोपल्यांत घालून लांब नेतात, सकाळी सोडतात, आणि ज्याचं आधी घरी येईल तो जिंकतो. फक्त 'घरी' या शब्दाचा अर्थ संघाने फार कडक ठरवलेला आहे. आकाशात दिसलं, छपरावर बसलं, याला काही किंमत नाही. पाखराने घरात शिरायचं, मालकाने त्याच्या पायातलं रबरी कडं काढून सीलबंद घड्याळात टाकायचं, तेव्हा वेळ धरतात.

रविवारी सकाळी निरीक्षक इस्त्रीचे कपडे घालून गच्चीवर उभे होते. संघाचा माणूस अचानक तपासणीला येतो असं ऐकलं होतं, आणि अचानक तपासणीचं महत्त्व त्यांच्याइतकं कोणाला कळणार? दहा वाजून पाच मिनिटांनी उत्तरेकडे ठिपके दिसले. व्यायामशाळावाला ओरडला, "आली! सगळ्यांच्या आधी!" खरोखरच आली. बाराच्या बारा, एका रांगेत, डौलात. आणि पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली.

निरीक्षकांनी दाण्यांचा डबा वाजवला. पॅरोलने एकदा खाली पाहिलं आणि डोळे मिटले. फरारीने ढेकर दिल्यासारखी मान हलवली. डबा वाजवून भूक लागत नाही. आधी भूक असावी लागते आणि मग डबा, हा क्रम निरीक्षकांच्या त्या दिवशी लक्षात आला. "या, या," करून झालं. टाळ्या वाजवून झाल्या. औषधाच्या दुकानदाराने शीळ घातली तर पाखरं सरकून पलीकडच्या कडेला बसली. शेवटी निरीक्षक डबा दातांत धरून टाकीच्या शिडीवर चढले. वरच्या पायरीवर त्यांची इस्त्रीची पँट एका खिळ्याला अडकली, आणि नेमका त्याच वेळी संघाचा माणूस अचानक तपासणीला आला.

"प्रतिपालक कोण?" त्याने विचारलं.

"मी," टाकीवरून आवाज आला, पण डब्यामुळे तो 'म्म' असा ऐकू गेला.

सेहेचाळीस मिनिटांनी पाखरं आपणहून उतरली. ग्रॅमला मिनिट, असा चोख हिशेब झाला. त्रेचाळीस घरांमध्ये निरीक्षकांचा क्रमांक एकेचाळिसावा आला. बेचाळिसाव्याची पाखरं रस्ता चुकली होती आणि त्रेचाळिसावा घड्याळाला किल्ली द्यायला विसरला होता.

"घाई करून काय मिळवायचंय?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "समाधानी दिसत होती हो." व्यायामशाळावाल्याच्या मते वाटाणे कमी पडले होते.

चिटणिसांनी मात्र बाजूला घेऊन एक गुपित सांगितलं. "साहेब, भूक हेच होकायंत्र. ज्याचं पोट रिकामं त्याला घर आठवतं. आमच्या वकीलसाहेबांकडून मी दुपारी जेवायला घरी जायचो तेव्हा बघायला हवं होतंत." हे निरीक्षकांना पटलं. पटण्याचं खरं कारण वेगळंच होतं. पाखरांनी चारचौघांत केलेला अपमान त्यांना लागला होता. दुसऱ्या दिवसापासून माप अठरा ग्रॅमवर आलं. वाटाणे बंद, बिया बंद. आता डबा नुसता हातात घेतला तरी बाराजण दाराशी रांगेत उभे राहू लागले. निरीक्षक ते दृश्य समाधानाने बघत. सासऱ्यांना नोकरीत काय आनंद मिळत असेल याची त्यांना प्रथमच कल्पना आली.

पण उपाशी जीव नुसता शिस्त शिकत नाही, वाटाही शोधतो. चौथ्या दिवशी पाखरांनी तिसऱ्या मजल्यावरचा सज्जा शोधला. तिथे मुख्याध्यापिकाबाईंनी कुंड्यांमध्ये वाटाण्याचे वेल लावले होते. अर्ध्या तासात काठ्या उरल्या. बाई दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक उपटलेला वेल होता.

"हे काय आहे?"

"वाटाण्याचा वेल दिसतोय," निरीक्षक म्हणाले. परिस्थिती नाकारण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"होता. मुक्या जिवांना उपाशी ठेवता आणि ते लोकांच्या दारात भीक मागतात! लाज नाही वाटत?"

तीन दिवसांनी इमारतीच्या समितीची नोटीस आली. 'सदर पक्षी हे कुपोषित अवस्थेत सामाईक जागेत वावरत असल्याने' असं तिच्यात लिहिलं होतं. 'कुपोषित' खाली दोन रेघा होत्या. निरीक्षकांनी आयुष्यात शेकडो नोटिसा लिहिल्या होत्या. ही वाचून त्यांना सगळ्यांत जास्त वाईट वाटलं ते तिची भाषा निर्दोष असल्याचं.

दुसऱ्या शर्यतीला पाखरं आली ती थेट दारात. अकरा जणांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत दार गाठलं. फरारी सबंध शर्यतीत नववा ठरला. निरीक्षकांनी विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिलं. मग हजेरी घेतली. अकरा. पुन्हा मोजलं. अकराच. पॅरोल नव्हती.

संध्याकाळपर्यंत ते गच्चीवरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा काढून बसले. तिसऱ्या दिवशी बायकोने जेवणाचं ताट वर आणून ठेवलं. ते तसंच राहिलं, आणि जन्मठेपेने त्यातली भाजी खाल्ली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. अठरा ग्रॅम. ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हतं, हे त्यांना आता कळत होतं. पाखरं दोन पैशांचा मान ठेवत नाहीत म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या मादीच्या तोंडचा घास काढला होता.

वॉर्डात मात्र रोज एकच प्रश्न.

"पॅरोल कशीय?"

"वजन स्थिर आहे, बाबा."

जिन्यात बायको म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

"मी फक्त वजन स्थिर आहे म्हणालो. जी वस्तू नाहीच तिचं वजन शून्यावर स्थिर असतं."

बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ती कोणाची मुलगी आहे हे सांगावं लागलं नसतं.

दहाव्या दिवशी चिटणिसांचा फोन आला. एका पिठाच्या गिरणीत एक कबूतर आलंय, पायातल्या कड्यावर आपल्या संघाचा नंबर आहे, असं गिरणीवाला कळवतोय.

"कधी कळवलं त्याने?"

"झाला आठवडा. पण त्याने फोनवर कळवलं. नियमाप्रमाणे लेखी हवं. त्याचं पत्र आज आलं."

निरीक्षक यावर जे बोलले ते शासकीय भाषेत नव्हतं.

गिरणी बसने अडीच तासांवर होती. आत पांढरा धुरळा, पट्ट्यांचा खडखडाट, आणि उघड्या पोत्यांच्या राशीवर पाटलिणीसारखी बसलेली पॅरोल. निरीक्षकांना पाहून ती उठलीसुद्धा नाही. उठली तेव्हा उठणं तिला जमत नाही हे दिसलं.

"घेऊन जा बाबा तुमची पाहुणी," गिरणीवाला म्हणाला. "आली तेव्हा नुसती पिसं होती हो. आता उडत नाही, चालते."

"दिवसाला किती घालत होतात?"

"घालायचं काय त्यात? पोतं उघडंच असतं. तिला हवं तेवढं ती खाते. किती झालीय ते बघायचंय? थांबा." आणि त्याने पॅरोलला उचलून मोठ्या काट्याच्या ताटलीवर ठेवलं. पाचशे दोन ग्रॅम. एरवी चारशे दहा असायची.

पण निरीक्षकांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. काट्याच्या कोपऱ्यातल्या शिशाच्या शिक्क्याकडे होतं. शिक्क्यावरचं साल तीन वर्षांपूर्वीचं होतं. काटा बेकायदा होता. सव्वीस वर्षांत असा काटा बघून ते कधी गप्प बसले नव्हते. एकदा तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून त्यांनी आचाऱ्याचा तराजू जप्त केला होता. त्यांचा हात सवयीने खिशातल्या ओळखपत्राकडे गेला. गिरणीवाल्याने हात पाहिला, शिक्का पाहिला, आणि त्याचा चेहरा त्याच्याच पिठासारखा झाला.

पट्ट्यांचा खडखडाट चालू होता. पॅरोल त्या बेकायदा काट्यावर मजेत बसली होती.

"मी आज रजेवर आहे," निरीक्षक शेवटी म्हणाले. "उद्या नसेन."

"उद्या सकाळी पहिला तुमच्याच कचेरीत येतो, साहेब."

तो खरंच आला, आणि येताना काट्याबरोबर एक पोतं मकाही घेऊन आला. निरीक्षकांनी काट्यावर शिक्का मारला आणि पोतं परत पाठवलं. निदान दोघांतलं एक तरी नियमाप्रमाणे झालं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मांडीवरच्या खोक्याकडे बोट केलं. "काय आहे?"

"कबूतर. शर्यतीचं."

"मग बसने का चाललंय?" अख्खी बस हसली. निरीक्षकांनी खोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना काही वाटलं नाही, आणि आपल्याला काही वाटत नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

शेवटच्या शर्यतीला अकरा दिवस होते. या अकरा दिवसांत निरीक्षकांनी तराजूला हात लावला नाही. वाट्या गेल्या, आडोसे गेले. एका पसरट ताटात दाणे ओतून ठेवायचे आणि बाजूला बसायचं. पहिले दोन दिवस पाखरं आधाशासारखी खात होती. मग आपणहून थांबायला लागली. पॅरोल सकाळी गच्चीला चार फेऱ्या मारी, पुढे दहा, पुढे दिसेनाशी होऊन परत येई. ती दिसेनाशी झाली की निरीक्षकांचा जीव टांगणीला लागे. व्यायामशाळावाला विचारी, "सध्या किती ग्रॅम?" आणि निरीक्षक म्हणत, "माहीत नाही." हे शब्द त्यांच्या तोंडून इमारतीत प्रथमच ऐकले गेले. लोकांना वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

टोपलीत घालायच्या दिवशीच सासरे चाकाच्या खुर्चीतून घरी आले. गच्चीवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून पॅरोलला खाली आणलं. त्यांनी तिला एका हातात धरलं, अंगठ्याने छातीचं हाड चाचपलं, पंख उघडून पाहिला. 

"भरलीय," सासरे म्हणाले. जावयाकडे एकदा पाहिलं. "जाऊ दे." हे 'तिला जाऊ दे' होतं की 'झालं गेलं जाऊ दे', ते निरीक्षकांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

शर्यतीच्या दिवशी समोरून वारा सुटला. तीनपर्यंत यायला हवी होती ती पाखरं चारला नाही, पाचला नाही. गावभर गच्च्यांवर माणसं आकाशाकडे तोंड करून उभी, आणि आकाश स्वच्छ. निरीक्षक एकटे उभे होते. या वेळी शेजाऱ्यांना त्यांनी वर येऊ दिलं नव्हतं. दोन मजले खालून सासऱ्यांची हाक येई, "काय?" आणि ते वरून म्हणत, "नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी उन्हं कलताना एक पाखरू खालून, अगदी घरांच्या उंचीवरून, वाऱ्याला धडका देत आलं. टाकी नाही, छप्पर नाही. सरळ दारातून आत. निरीक्षकांनी पॅरोलला धरलं तेव्हा तिचं काळीज त्यांच्या तळव्यात धडधडत होतं. कडं निघालं, बोटांतून निसटलं आणि गच्चीभर घरंगळत गेलं. सव्वीस वर्षं सेवा झालेला राजपत्रित अधिकारी विष्ठेने भरलेल्या गच्चीवर चारी पायांनी त्या कड्यामागे धावला आणि पन्हाळीच्या तोंडाशी त्याने ते पकडलं.

घड्याळात कडं पडल्यावर खाली वाकून ते ओरडले, "बाबा, आली!"

 खालून बायकोचा आवाज आला. "ऐकलं त्यांनी. रडतायत. तुम्ही लगेच येऊ नका."

त्या दिवशी त्रेचाळीस घरांत मिळून तीनच पाखरं पोचली. पॅरोल पहिली. बाकीची दुसऱ्या दिवशी रमतगमत आली. हडकुळी पाखरं दम संपल्यावर वाटेत शेतांत पोटापाण्याला उतरली होती. चिटणिसांनी आपलं गुपित इतरांनाही बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि त्या होकायंत्राने पाखरांना बरोबर दाण्यापर्यंत पोचवलं होतं.

पुढच्या शनिवारी संघाच्या सभागृहात बक्षीससमारंभ झाला. सासऱ्यांची खुर्ची पुढच्या रांगेत. निरीक्षकांच्या हातात करंडक. चिटणीस ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आता विजेत्यांनी आपल्याला एकच सांगायचंय. हंगामात दर पाखरामागे दाणे किती?"

 बेचाळीस वह्या उघडल्या, बेचाळीस पेनांची टोपणं निघाली. निरीक्षकांनी त्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडे असे बघत होते, जसं सव्वीस वर्षांत कोणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. दुकानदार बघतात ते वेगळं. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. तिथून परत गेले.

"साडेसदतीस ग्रॅम," निरीक्षक म्हणाले.

सदतीस म्हणाले असते तर एखाद्याने शंका काढली असती. अर्ध्या ग्रॅमपुढे कोणी बोलत नाही. बेचाळीस पेनं एकदम चालली. चिटणिसांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे माप पुढच्या हंगामापासून संघाच्या नियमावलीत छापण्यात येईल.

टॅक्सीत बायको पुढे बसली होती. मागे सासरे, जावई, आणि दोघांच्या मध्ये करंडक. पहिला सिग्नल गेला.

"चौतीस वर्षांत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले," सासरे म्हणाले. "खरं बोलणारा माणूस म्हणतो, 'चार-पाच जण होतो, साहेब.' 'साडेचार होतो' म्हणतो ना, तो खोटं बोलत असतो."

 मग निरीक्षकांनी सगळं सांगितलं. सेहेचाळीस, अठरा, बाईंचे वेल, स्थिर वजन, गिरणी, उघडं पोतं, जुना शिक्का. काही वगळलं नाही. सांगून झालं तेव्हा टॅक्सी घराच्या वळणावर आली होती, आणि बायकोने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. तिचे खांदे मात्र हलत होते.

"दहा दिवस गिरणीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"दहा दिवस, बाबा."

"आणि तुम्ही मला रोज वजन स्थिर म्हणून सांगत होतात."

"चुकलो मी."

सासरे खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या मिशीच्या टोकाशी काहीतरी हालचाल झाली. ती रागाची नव्हती.

"मी उद्याच चिटणिसांना पत्र देतो," निरीक्षक म्हणाले. "लेखी. ते साडेसदतीस खोटं आहे म्हणून. बेचाळीस घरं ते वापरणार आहेत, बाबा. खोटं माप चालू देणं बरोबर नाही."

"अजिबात बरोबर नाही," सासरे म्हणाले. "सांगायलाच हवं त्यांना." टॅक्सी थांबली. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठता उठता त्याच्या कानाशी वाकले. "पण जावईबापू, एवढी घाई काय? पुढचा हंगाम तेवढा होऊन जाऊ दे."